संगणक म्हणवणारे फोन

मुलांनो, मनात एक दार उभं करा. बंद दार. तुम्ही आत आहात आणि बाहेर कोणीतरी आलंय. लहान मूल असेल तर त्याच्यासाठी पाट मांडायचा, मोठं माणूस असेल तर खुर्ची. पण दार उघडण्याआधीच मांडून ठेवायचं आहे, आणि दारातून डोकावून पाहायला फट नाही. कसं ओळखाल? तेवढ्यात दाराखालून एक चिठ्ठी सरकत येते. तिच्यावर लिहिलंय, ‘मी मोठा माणूस आहे.’ तुम्ही खुर्ची मांडता, दार उघडता, आणि समोर उभी असते चार वर्षांची चिमुरडी! आता ती त्या उंच खुर्चीवर चढणार कशी?

इंटरनेटवरचं प्रत्येक पान असंच दाराआड बसलेलं असतं. ते उघडणारं यंत्र खिशातला मोबाईल आहे की टेबलावरचा संगणक, हे त्याला दिसत नाही. ब्राउझर त्याच्याकडे एक चिठ्ठी सरकवतो. तिला म्हणतात ‘यूजर एजंट’. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न धामणगाव बढे गावातल्या पुष्पांजलीला सातवीची परीक्षा संपल्यावर, ऐन मे महिन्यात पडला. आणि तोही मिरचीच्या रोपांमुळे.

तिच्या घराला लागूनच केसरबाईंची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीच्या सावलीत प्लास्टिकचे ट्रे ओळीने मांडलेले, एकेका ट्रेत एकशे चार खळगे, आणि प्रत्येक खळग्यात मिरचीचं एक रोप. असे चारशे ट्रे. एप्रिलच्या सुरुवातीला त्यातले कितीतरी खळगे पुष्पांजलीने स्वतः भरले होते. नारळाचा भुसा भरायचा, बोटाने टोचायचं, बी टाकायचं, वर चिमूटभर भुसा. केसरबाई तिची सख्खी आजी नव्हती, पण सारी गल्ली त्यांना केसरआजीच म्हणायची.

मिरचीच्या रोपाचं एक असतं. पस्तीस-चाळीस दिवसांनी ते शेतात गेलंच पाहिजे. आणखी आठ दिवस ट्रेतच राहिलं तर ते उंच होतं, मान टाकतं, आणि मग शेतकरी त्याला हात लावत नाही. म्हणून कोण, कधी, किती रोपं नेणार, हे आधीच पक्कं ठरलेलं लागतं. केसरआजी ते सगळं एका लाल वहीत लिहायच्या. दर मे महिन्यात सकाळपासून फोन वाजायचा, आणि आजी एका हाताने पाण्याची झारी धरून दुसऱ्या हाताने लिहायच्या.

पुष्पांजलीची आत्या छाया पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. वेबपानं बनवणं हाच तिचा उद्योग. तिने आजींसाठी एक पान बनवलं. उघडायचं, कोणती मिरची ते निवडायचं, किती रोपं ते सांगायचं, तारीख दाबायची, झालं. पानाची रूपं दोन. मोबाईलवर एका वेळी एकच प्रश्न, बोटात मावतील एवढी मोठी बटणं, आणि पुष्पांजलीने रंगवलेल्या दोन मिरच्या: एक लांब, एक बुटकी. संगणकावर मात्र सगळ्या तारखांचा मोठा तक्ता एकाच नजरेत, कारण नांदुऱ्याचे हरिओम शेतीमालाच्या दुकानातून दहा-दहा शेतकऱ्यांची मागणी एकदम भरायचे. जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेतल्या चार ओळी आधी चिठ्ठी वाचायच्या. ‘अँड्रॉइड’ किंवा ‘आयफोन’ हा शब्द दिसला तर बटणांचं रूप, नाही दिसला तर तक्ता.

“आजी, यंदा वही नका काढू,” पुष्पांजली म्हणाली होती. “पान बरोबर चालन. मी सांगते ना!”

“तू सांगते म्हणून ठेवते भरोसा,” केसरआजी म्हणाल्या, आणि त्यांनी लाल वही खुंटीवरच्या पिशवीत घालून टाकली.

रोपं तयार झाली, पान सुरू झालं, आणि दुसऱ्याच दिवशी गोंधळ उडाला. एकाच सकाळी सहा जण मोटारसायकली घेऊन दारात. प्रत्येक जण म्हणे, माझी तारीख आजची. शालिग्रामभाऊंना हवी होती लांब मिरची, नोंद झालेली बुटकीची. आणि पुढचे दोन दिवस? त्या रकान्यात एकही नाव नाही.

“अवं, त्या पानावर अक्षरं हायेत का मुंग्या?” शालिग्रामभाऊ कपाळ पुसत म्हणाले. “बोट ठेवतो एकीवर अन् दबते भलतीच!”

“अन् ते मिरचीचं चित्र? मले त वाटलं काडीपेटीतली काडी हाय,” मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. पुष्पांजली नाही हसली.

केसरआजींनी त्या दिवशी कशीबशी सगळ्यांची समजूत काढली. संध्याकाळी ट्रेवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “पोरी, ह्या लेकरायले आठ दिवस हायेत. तुह्या पानालेही आठच. नाही जमलं त मी वही काढते. मंग रागावजो नको.”

छायाने स्वतःच्या फोनवर पान उघडलं. एकदम झकास. मोठी बटणं, हातभर लांब मिरची. पुष्पांजलीच्या आईच्या फोनवर, तेही झकास. “सगळ्यांना तक्ता काऊन दिसून राह्यला मग?” छाया डोकं खाजवत बसली. काही वर्षं पुण्यात राहून तिची बोली थोडी बदलली होती, पण कोड्यात पडली की ती थेट गावाकडची व्हायची.

“आपण त्याइचेच फोन पाहू ना, आत्या,” पुष्पांजली म्हणाली. “आपले पाहून काय होते?”

छायाला ते पटलं. मग उठून तिने चपला घातल्या.

शालिग्रामभाऊंच्या ओसरीवर त्यांनी फोन मागितला. पान उघडलं, आणि खरंच, तो भलामोठा तक्ता तळहाताएवढ्या पडद्यात दाटीवाटीने बसलेला. छायाने त्याची चिठ्ठी तपासली. फोन सांगत होता, ‘मी लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे.’

“लबाड!” पुष्पांजली ओरडली.

“कोन, मी?” शालिग्रामभाऊ दचकले.

“तुम्ही नाही काका, तुमचा फोन!”

छायाने कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. यादी उघडली. त्यात एका ओळीपुढे बरोबरची खूण होती: ‘डेस्कटॉप साइट’. म्हणजे पानांनो, मला संगणक समजा. “ही टिक तुम्ही केली, दादा?”

“मी कायले करू? बसस्टँडवरच्या निवृत्तीनं करून देल्ली. त्यानं सगळ्याइलेच करून देल्ली.”

निवृत्तीमामा बसस्टँडजवळ लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. एक संगणक, एक छपाईयंत्र, आणि भिंतीवर मुलांच्या प्रवेशांच्या तारखांचा कागद. पुष्पांजलीने त्यांना विचारलं तेव्हा त्यांना कळेचना की यात बिघडलं काय.

“हाव, मीच करतो टिक. काही काही फॉर्म फोनवर अर्धेच उघडतात वं. खालचं बटणच दिसत नाही. लोकं वावरातलं काम सोडून माह्याकडे येत, एका बटणासाठी. मंग मी म्हटलं, टिकच करून ठेवतो. घरबसल्या भरतीन.” मामा थांबले. “काऊन, चुकलं का माहं?”

पुष्पांजलीला मामांचं पटलं. मामांनी दोन वर्षं, एक छदाम न घेता, लोकांचे हेलपाटे वाचवले होते. ती म्हणाली, “नाही मामा, चुकलं नाही. पानाले माहीतच नव्हतं.”

तरी तिने दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन टिक काढायला सुरुवात केली. दुपारपर्यंत अकरा फोन झाले. ऊन मी म्हणत होतं, डोक्यावरची ओढणी दोनदा भिजवून घ्यावी लागली. संध्याकाळी त्यातले चार फोन पुन्हा टिकसकट भेटले. पोरांचे प्रवेश सुरू होते, फॉर्म भरायचे होते, टिक लागतच होती.

“टिक काढणं हा उपायच नाही,” छाया म्हणाली. “पानालाच शहाणं करायला लागेल.” तिने पानाला रुंदी विचारायला लावली. पडदा अरुंद असेल तर मोबाईल, रुंद असेल तर संगणक. शालिग्रामभाऊंच्या फोनवर पाहिलं तर फोन म्हणतो, माझी रुंदी नऊशे ऐंशी! टिक केली की तो रुंदीसुद्धा संगणकाची सांगतो. एकदा सोंग घेतलं की पार चपलेपर्यंत घेतलं म्हणायचं.

आठातले तीन दिवस गेले होते. ट्रेतली रोपं रोज नखभर वर येत होती. पुष्पांजली सकाळी उठून आधी ती मोजपट्टीने मोजायची, आणि कोणाला न सांगता परत यायची.

चौथ्या दिवशी सकाळी ती आजींजवळ नुसती बसून होती. एक पाहुणा आला. कडक इस्त्रीचा सदरा, आवाज मोठा. “पाच एकर बागायत हाय आपली, केसरबाई! मिरचीच लावतो साऱ्यात.” आजी “हो का, बरं बरं” म्हणाल्या, आणि त्यांनी वीस रोपं ओल्या कागदात गुंडाळून त्याच्या हाती दिली. पाहुणा खूश होऊन गेला. मागोमाग एक लाजरी बाई आली, शब्दही नीट फुटेना. आजींनी न विचारता तिच्यासाठी दहा ट्रे बाजूला काढले.

“आजी, तुम्हाले कसं समजलं? तो त पाच एकर म्हणे!”

“म्हनू दे नं बापा. हातात काय होतं त्याच्या?”

“कापडी थैली.”

“थैलीत पाच एकराची रोपं मावतात का? घरामागं चार वाफे असतीन त्याचे. अन् त्या बाईचा रिक्षा पाह्यला का तू रस्त्यावर उभा? मांगच्या अंगाले फळ्या ठोकल्या होत्या, ट्रे ठेवाले.” आजींनी झारी उचलली. “तोंडानं मानूस काहीबी सांगते, पोरी. मी नेनार कशात ते पाह्यते.”

पुष्पांजली उठली ती पळतच सुटली. छाया पुण्याच्या कामात कानाला हेडफोन लावून बसली होती. पुष्पांजली समोर उभी राहून हातवारे करू लागली. छायाने शेवटी हेडफोन काढला.

“आत्या, तो कोण हाय ते इचारूच नको त्याले! हातात काय हाय ते पाह्य! बोट हाय का माऊस?”

छायाने कळफलकावरून हात उचलले. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की पुष्पांजलीला ते पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. “अगं,” ती हळूच म्हणाली, “हे विचारता येतं. आणि टिक केली तरी फोनला बोट लपवता येत नाही.”

संध्याकाळी काम आटोपून ती बसली. आधी तिने सोपा प्रश्न घातला: पडद्याला बोटाचा स्पर्श कळतो का? किती बोटं कळतात? शालिग्रामभाऊंचा फोन म्हणाला, पाच. पान उघडलं ते मोठ्या बटणांचंच! ओसरीवर शालिग्रामभाऊंनी टाळी वाजवली. पण घरी येईपर्यंत नांदुऱ्याहून हरिओम यांचा फोन.

“छायाताई, आज माह्या लॅपटॉपवर एवढ्या एवढ्या मिरच्या काऊन येऊन राह्यल्या? माहा तक्ता कुठं गेला? गिऱ्हाईक इचारते, मिरचीचा सिनेमा लावला काय!”

त्यांनी नवा लॅपटॉप घेतला होता, आणि त्याच्या पडद्यालाही स्पर्श कळत होता. पण काम ते माऊसनेच करायचे. थैली हातात असली, तरी रिक्षाही बाहेर उभाच होता की!

“मंग मुख्य हात कोणता ते इचार,” पुष्पांजली म्हणाली. “जेवाचा हात.”

जावास्क्रिप्टमध्ये तशी सोय आहे, मुलांनो. तिचं नाव ‘मॅच मीडिया’. तिला विचारायचं, मुख्य पॉइंटर, म्हणजे पडद्यावर दाबणारा हात, ‘कोर्स’ आहे का? कोर्स म्हणजे जाडसर, बोटासारखा. नाहीतर ‘फाइन’, म्हणजे बारीक, माऊसच्या बाणासारखा. बोटाला ऐसपैस जागा लागते, बाणाला टाचणीच्या टोकाएवढी पुरते. पान एवढं समजलं की ते पाट की खुर्ची हे स्वतःच ठरवतं. आणि बोट असूनही फोन रुंदी नऊशे ऐंशी सांगत असेल, तर तो सोंगात आहे हे ओळखून छायाने अक्षरंही त्या मानाने मोठी केली. ती लिहीत होती आणि पुष्पांजली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती. एके ठिकाणी तिनेच एक राहिलेला कंस दाखवला. हरिओम यांना तक्ता परत मिळाला, शालिग्रामभाऊंना मिरची. निवृत्तीमामांची टिक जिथल्या तिथे राहिली.

पाचव्या दिवशी तेवीस मागण्या आल्या. लांब ती लांब, बुटकी ती बुटकी, तारखा सरळ. सहाव्या दिवशी एकतीस. सारिका नावाची एक मुलगी शेळ्यांमागे चालता चालता घरची मागणी भरून मोकळी झाली, आणि तिने पुष्पांजलीला ओरडून सांगितलं, “तुही मिरची मस्त दिसते वं!” ट्रे जात राहिले. जाळीखालची हिरवी ओळ आखडत आखडत मधल्या खांबापर्यंत आली. आजी रिकामे ट्रे धुऊन उन्हात उभे करत होत्या आणि मधेच थांबून, कोणाला तरी ऐकू जावं असं, म्हणत होत्या, “पोरीचं पान चालून राह्यलं बापा.”

आठव्या दिवशी फक्त सव्वीस ट्रे उरले. छाया कामासाठी बुलढाण्याला गेली होती. उन्हं कलताना उकंडरावआबा आले. ऐंशीच्या घरातले, अजून स्वतः वखर धरणारे. त्यांनी बाजेवर बसून पिशवीतून फोन काढला, आणि फोनच्या पाठोपाठ एक वायर, आणि वायरीच्या टोकाला एक माऊस.

“हे काय, आबा?” पुष्पांजली चकित झाली.

“अवं, फोन विहिरीच्या काठावर पडला. अर्ध्या काचेले बोटच समजत नाही. मंग नातवानं हा उंदीर जोडून देल्ला. मस्त चालते.” आबांनी माऊस बाजेच्या लाकडी पट्टीवर फिरवला. पडद्यावर इवलासा बाण पळाला. “पन तुह्या पानावर मले अजून मुंग्याच दिसतात.”

पुष्पांजलीने वाकून पाहिलं. तक्ता. अर्थातच! पानाने मुख्य हात विचारला होता, आणि फोनने खरं तेच सांगितलं होतं: बारीक, बाणाचा. हा फोनही होता आणि नव्हताही. आत्याच्या ओळींत असं काही धरलंच नव्हतं.

केसरआजींनी एकदा सव्वीस ट्रेंकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग उठून त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून लाल वही काढली. “आना आबा, सांगा. मी लिहून घेते. किती पाह्यजेन?”

पुष्पांजलीचा चेहरा उतरला. माऊसची वायर उपटून ती एका क्षणात मोठी बटणं आणू शकली असती. आबांची मागणी स्वतः भरून टाकणं तर त्याहून सोपं. तिचा हात फोनकडे गेलाही. पण तो तिने मागे घेतला.

“आजी, जरा थांबा,” ती म्हणाली, आणि आबांच्या शेजारी बाजेवर चढून बसली. “आबा, तुम्हीच करा. मी नुसती पाह्यते.”

आबांनी माऊस धरला. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे बाण बटणावर जाई आणि ऐन दाबताना खाली घसरे. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा भलतीच तारीख लागली. आबा “च्याबाई” म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी मनगट पट्टीला टेकवलं आणि दाबलं. सव्वीस ट्रे, लांब मिरची, आज. केसरआजींच्या फोनची घंटी वाजली.

“आली का मागनी?” आबांनी विचारलं, कोसभर लांबून हाक मारावी तसं.

“आली,” आजी म्हणाल्या. हातातली उघडी वही त्यांनी मिटली, आणि ती परत खुंटीकडे न नेता पुष्पांजलीपुढे धरली. “घे. मले नाही लागत आता. तुले काही लिहाचं असन.”

पुष्पांजलीने वही घेतली. मागचं कोरं पान उघडलं, पेन्सिलीला थुंकी लावली. मग, आबा ट्रे उचलायला उठण्याआधीच, बाण कुठून निघाला, कुठे थरथरला, कोणत्या दोन जागी घसरला, ती वाट तिने आत्याला दाखवण्यासाठी ठिपक्याठिपक्यांनी काढायला घेतली.